चामड्याच्या वस्तू आणि पावसाळ्यातील बुरशी : लेप लावण्यापूर्वी

(मृगापूर्वी घेतलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. पेरणीचे अंतर, तणांचा बंदोबस्त, खतांच्या मात्रा हा माझा विषय. तेव्हा हा चामड्यावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु टिफण, कोळपे, कुळव यांची शिफारस आम्ही करतो आणि ती औजारे ओढणारा बैल ज्या पट्ट्याने जुवाला बांधलेला असतो त्या पट्ट्याबद्दल मात्र आम्ही एक अक्षर बोलत नाही. वापशावर आलेल्या शेतात पेरणी ऐन रंगात असताना सापती तुटली म्हणजे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टर आले हे खरे, तरी डोंगरउतारावरच्या लहान वाफ्यांत, भातखाचरांत आणि कोळपणीला अजून बैलच लागतो. शिवाय पायातील चप्पल, घागरमाळेचा पट्टा, फवारणी पंपाचे वायसर, देवळातील हलगी आणि ढोलकी अशा कितीतरी वस्तू घरोघरी आहेत. यंदा त्यांना बुरशीपासून वाचवण्यासाठी बाजारात आलेल्या लेपांविषयी आणि फवाऱ्यांविषयी बऱ्याच जणांनी विचारणा केली, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. सन 2013 च्या मृगाची गोष्ट. मी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून नुकताच घरी आलो होतो. आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी, पाऊस भरपूर. माळ्यावरून सापत्या काढल्या तर त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली. आल्याच्या कंदकुजीसाठी बोर्डो मिश्रण करायला आणलेले मोरचूद घरात होते. बुरशी म्हटली की ताम्र, एवढे मी शिकलो होतो. मूठभर मोरचूद तांब्याभर पाण्यात विरघळवले आणि ते निळे पाणी दोन्ही सापत्यांना चांगले चोळले. बोर्डोत चुना कशासाठी घालतात हे परीक्षेत मी व्यवस्थित लिहिले होते, पण त्या दिवशी चुना आठवला नाही. वडील म्हणाले, "अरे, जनावराच्या अंगाला लागायचं आहे ते." मी म्हणालो, "अण्णा, शास्त्र आहे यात."

दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. त्यातच पेरणी सुरू केली. सापती भिजली, बैलाला घाम आला आणि सापतीत मुरलेले मोरचूद पुन्हा विरघळून त्याच्या मानेखाली उतरले. संध्याकाळी तेथील केस गेलेले आणि कातडी लाल झालेली दिसली. तिसऱ्या दिवशी मान सुजली. पशुवैद्यकांनी बैलाला पंधरा दिवस जुंपू नका म्हणून सांगितले. आमचा वापसा त्या पंधरा दिवसांतच निघून गेला. शेजाऱ्यांनी सावडीने आपली जोडी दिली म्हणून निम्मे रान पेरून झाले, राहिलेले तसेच पडले. ती सापतीही पुढे कडक होऊन वळली आणि भेगाळली. वडील मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

ही चूक दरवर्षी कुठे ना कुठे होते. पिकावरचे बुरशीनाशक पट्ट्याला लावण्याचा मोह होतो, कारण ते घरात असते आणि बुरशी ती बुरशीच, असे आपल्याला वाटते. कार्बेन्डाझिम असो, मॅन्कोझेब असो की कॉपर ऑक्सिक्लोराईड, ही औषधे ज्या पिकासाठी आणि ज्या प्रमाणात वापरायची ते डब्यावर छापलेले असते. चामड्याचा उल्लेख त्यावर नसतो. बैल घामाच्या मिठासाठी पट्टा चाटतो, दावणीला बांधलेले वासरू तो चघळते. शेळ्या-मेंढ्या असलेल्या घरी तर ताम्राबाबत फारच जपावे. मेंढीच्या यकृतात ताम्र साचत जाते आणि ते तिला सोसत नाही. तेव्हा शेतीचे कोणतेही बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चामड्याच्या वस्तूला लावू नये.

आता बुरशी येते का, ते पाहू. कच्चे कातडे ओले राहिले तर जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते कुजते. म्हणून ते कमावतात. बाभळीची साल, हिरडा यांचा कस कातड्याच्या तंतूंत बसला की ते तंतू सहजासहजी कुजत नाहीत. कोल्हापुरी चपलेचे चामडे असे सालीवर कमावलेले असते. कारखान्यातील पुष्कळसे चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावतात. परंतु कमावलेल्या चामड्याला बुरशी येत नाही, असे नाही. बुरशीला तंतूच खायचे असतात असेही नाही. चामड्यात घातलेले तेल, वर बसलेला घाम, शेणाचा आणि धुळीचा थर, शिवणीचा सुती दोरा यांवर ती पोसते. हिरड्यातील तुरट द्रव्येसुद्धा काही बुरशा पचवतात. कांदाचाळीत कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते ती अॅस्परजिलस नायजर ही बुरशी. तीच चामड्यावरही वाढते आणि हिरड्याचा कस पचवणाऱ्यांत तिचा नंबर वरचा आहे. त्यामुळे सालीवर कमावलेल्या चामड्यावर बुरशी लवकर दिसते, त्यात कारागिराचा दोष नसतो.

या सर्वांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ओल. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की चामडे हवेतूनच पाणी ओढते आणि बुरशीचे बीजाणू रुजतात. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर आणि कोकणात आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते. पट्टा पावसात नेलाच नाही, तरीही त्याला बुरशी का आली, याचे उत्तर हे आहे.

माझ्या आजोबांच्या काळी आमच्याकडे सापत्यांना बुरशी क्वचितच येई. त्यांनी कोणताही लेप विकत आणला नव्हता. सापत्या चुलीच्या वर आढ्याला टांगलेल्या असत. चुलीच्या उबेने त्या कोरड्या राहत आणि धुरातील फेनॉलसारखी द्रव्ये त्यांच्यावर हळूहळू बसत. ही द्रव्ये जिवाणू आणि बुरशी यांना मारक असतात. म्हणजे जंतुरोधक लेप आपल्याकडे होताच, तो काळा होता आणि फुकट होता इतकेच. पुढे घरात गॅस आला. आईचा खोकला थांबला, डोळ्यांची आग थांबली. ते सापत्यांपेक्षा मोलाचे, त्यामुळे चूल परत आणा असे मी सांगणार नाही. पण टांगायची जागा गेली आणि सापत्या खताच्या रिकाम्या गोणीत जाऊन पडल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

बाजारातील जंतुरोधक लेप ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात औषध चामड्यात किंवा वरच्या लेपात मिसळलेले असते आणि ते थोडे थोडे पाझरत राहते. जवळ येणारी बुरशी त्याने मरते. परंतु जे पाझरते ते संपते. पाण्याने धुतले जाते, घामाबरोबर निघते आणि ज्याच्या अंगाला पट्टा लागतो त्याच्या कातडीवर उतरते. माझ्या बैलाचे झाले ते हेच, फक्त मी मात्रा अघोरी घेतली होती. दुसऱ्या प्रकारात औषधाचे कण चामड्याला घट्ट खिळवलेले असतात. ते पाझरत नाहीत, म्हणून कातडीला सुरक्षित आणि टिकाऊ. मात्र त्यांचे काम केवळ स्पर्शाने होते. वर धूळ, घाम आणि शेण यांचा पापुद्रा बसला की बुरशी त्या पापुद्र्यावर सुखाने वाढते, खालच्या लेपाला तिचा पत्ताही लागत नाही. शहरातील माणसाच्या पाकिटावर हा लेप वर्षभर काम करील, बैलाच्या मानेखाली तो किती दिवस उघडा राहील याचा विचार आपणच करावा.

चांदीच्या सूक्ष्म कणांच्या लेपाचा सध्या बराच गाजावाजा आहे. चांदी जिवाणूंवर चांगली चालते, त्यामुळे बुटाच्या आतील वास कमी होण्यास तिचा उपयोग होतो. बुरशीवर तिचा प्रभाव तेवढा नसतो. आपला प्रश्न मुख्यतः बुरशीचा आहे, तेव्हा चांदीचे नाव वाचून पैसे टाकू नयेत. झिंक ऑक्साईड आणि कायटोसान यांवरही संशोधन चालू आहे. कायटोसान हे कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलांपासून करतात. ते सौम्य आम्लात विरघळते आणि वाळल्यावर पातळ पडदा धरते. चामड्याच्या शास्त्रासाठी आपल्या देशात चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था 1948 पासून काम करीत आहे. कायटोसानकडून मला स्वतःला आशा आहे, पण बैलाच्या साजावर शिफारस करावी अशा स्थितीला ते आलेले नाही.

जंतुरोधक औषध म्हणजे निर्धोक औषध, असा समज करून घेऊ नये. पूर्वी चामड्यावर पेंटाक्लोरोफेनॉल सर्रास वापरत. बुरशीला ते उत्तम होते, पण माणसाला विषारी. जर्मनीने 1989 मध्ये त्यावर बंदी घातली आणि मालातील त्याचे प्रमाण किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असावे असे ठरवले. आपल्या देशातील चामड्याच्या निर्यातदारांना तेव्हा धावपळ करून दुसरी रसायने शोधावी लागली. पुढे 2007-08 च्या सुमारास युरोपात निराळाच प्रकार झाला. चीनमधून आलेल्या चामडी कोचांत बुरशी येऊ नये म्हणून डायमिथिल फ्युमरेटच्या लहान पुड्या ठेवलेल्या होत्या. माणसाच्या अंगाच्या उबेने त्याची वाफ होऊन ती कापडातून कातडीपर्यंत पोचली. कोचावर बसणाऱ्यांच्या पाठीला आणि मांड्यांना भाजल्यासारखे चट्टे उठले. कारण कळेपर्यंत कित्येक महिने गेले. अखेर 2009 मध्ये युरोपीय संघाने अशा मालावर बंदी घातली. नव्या बुटाच्या खोक्यातील पुडी मुलांच्या हाती देऊ नये आणि धान्याच्या कणगीत तर मुळीच टाकू नये, हे यावरून लक्षात यावे.

मग करावे काय? पावसाळ्यापूर्वी एक दिवस या कामाला द्यावा. सर्व चामडी वस्तू बाहेर काढून उजेडात पाहाव्यात. पांढरे दिसते ते सर्व बुरशी नसते, हे मुद्दाम सांगतो, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. कापडाने पुसल्यावर निघाले, कुबट वास आला आणि आठ दिवसांत परत आले तर ती बुरशी. उन्हात तापलेला पत्रा जवळ धरला असता पांढरे विरघळून नाहीसे झाले तर ती चामड्यातून वर आलेली चरबी, त्याने नुकसान नाही, मऊ फडक्याने पुसून घ्यावी. ओल्या फडक्याने लगेच विरघळले आणि वाळल्यावर पुन्हा दिसले तर ते बैलाच्या घामाचे मीठ. ते मात्र काढलेच पाहिजे, कारण मीठ हवेतील ओल ओढते. लोखंडी कडीजवळ काळा डाग पडला असेल तर तीही बुरशी नव्हे. लोखंड आणि हिरडा एकत्र आले की शाईच होते, जुनी शाई तशीच करीत असत. तेथे पितळी कडी बसवून घ्यावी.

बुरशी झाडायची ती घराबाहेर, धान्यापासून आणि बियाण्यापासून लांब, नाकातोंडाला फडके बांधून. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. मऊ ब्रशने झाडून झाल्यावर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे. दवाखान्यात मिळणारे स्पिरिट पाण्यात निम्मे करूनही चालते, मात्र त्याने रंग उतरू शकतो म्हणून आधी कोपऱ्यावर लावून पाहावे आणि विस्तवाजवळ वापरू नये. मळ जास्त असेल तर अंगाच्या साबणाचा थोडा फेस घ्यावा. कपड्याची पावडर आणि सोडा वापरू नये. ते अल्कधर्मी असल्याने चामड्याचा कस ओढून काढतात आणि चामडे पोकळ, ठिसूळ होते.

त्यानंतर सावलीत, वारा खेळता असेल तेथे दोन-तीन दिवस वाळवावे. या टप्प्यावर घाई होते. ओली सापती चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवली की ती आकसते आणि वळते, मग कितीही तेल घातले तरी सरळ होत नाही. आणि अर्धवट वाळलेल्या चामड्यावर तेल किंवा कोणताही लेप चढवला तर ओल आत कोंडली जाते, बुरशी लेपाच्या खालून वाढते. महागडा लेप लावूनही बुरशी आली, अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की लावण्यापूर्वी किती दिवस वाळवले होते. बहुतेकांनी धुतले त्याच संध्याकाळी लावलेले असते.

तेल कोणते लावावे? स्वयंपाकाचे गोडेतेल नको. ते खवट होते आणि बुरशीला खाद्य मिळते. जवसाचे तेल वाळून पापुद्रा धरते आणि चामडे कडक करते. एरंडेल उत्तम. करंज तेलही चांगले. ते कडू असल्याने जनावर पट्टा चाटत नाही आणि बुरशीलाही ते फारसे मानवत नाही. तेल हातावर घेऊन आतल्या, खरखरीत बाजूने अगदी पातळ चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वरचे पुसून काढावे. तेल निथळत असेल तर ते जास्त झाले असे समजावे. भर पावसात वापरायच्या पट्ट्यासाठी तीन भाग एरंडेल आणि एक भाग मधमाशीचे मेण वजनाने घ्यावे. भांडे थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवावे. हे मलम जंतू मारीत नाही, पाणी बाहेर ठेवते. घरचा एवढाच लेप पुरेसा होतो, असा माझा अनुभव आहे. लावल्यावर दोन दिवस गेल्याशिवाय बैल जुंपू नये.

शिवण जरूर तपासावी. सापती तुटते ती बहुधा चामड्यात नव्हे, दोऱ्यात. सुती दोरा बुरशी आधी खाते. मेण ओढलेल्या दोऱ्याने ती पुन्हा शिवून घ्यावी. चर्मकार बंधूंना हे सांगावे लागत नाही, आपणच स्वस्तात उरकायला सांगतो.

वस्तू ठेवताना टांगून ठेवाव्यात, एकीला दुसरी चिकटू देऊ नये. प्लॅस्टिकच्या गोणीत ठेवू नयेत आणि युरियाच्या पोत्याशेजारी तर नकोच, कारण युरिया स्वतःच ओल धरतो. माळ्यावर कौलाखाली वारा येतो अशी जागा बरी. दर पंधरा दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की एक फेरी मारून कोरड्या फडक्याने पुसावे. कडुलिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत आहे, त्याने किडे थोडे लांब राहतात, पण बुरशीला तो पुरेसा नाही, आणि ओला पाला ठेवला तर तोच ओल देतो.

ज्यांना बाजारातील लेप घ्यायचाच आहे त्यांनी डबा हातात घेऊन तीन गोष्टी वाचाव्यात. त्यातील औषधाचे नाव दिले आहे का, तो चामड्यासाठी आहे असे लिहिले आहे का आणि कातडीशी सतत संबंध येणाऱ्या वस्तूवर चालतो का. औषधाचे नाव दिलेले नसेल तर डबा परत ठेवावा. आयसोथायाझोलिनोन वर्गातील औषधांची काही लोकांच्या कातडीला खाज येते, हेही माहीत असावे. कपाटातील पाकीट, कमरेचा पट्टा, वर्षातून दोनदा घालायचे बूट यांना लेप जरूर लावावा. बैलाच्या साजाला मी तो सुचवत नाही.

कोल्हापुरी चपलेबद्दल थोडे. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत होणाऱ्या या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यावर कारखान्याचा लेप नसतो, म्हणून ती पाणी पटकन पिते. पावसात ती घालू नये. भिजलीच तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावी आणि मग एरंडेलाचा हात द्यावा.

हलगी, ढोलकी यांचे कातडे कमावलेले नसते, कच्चे असते. त्याला तेल, पाणी, व्हिनेगर, लेप यांपैकी काहीही लावू नये. कोरड्या फडक्याने पुसून सुती पिशवीत घालून उंच टांगावे. बुरशी खोल गेली असेल तर पान बदलण्यावाचून इलाज नाही.

राहिले पंपाचे चामडी वायसर. तिथे बुरशीपेक्षा कोरडे पडणे हा त्रास असतो. हंगाम संपल्यावर पंप स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावा, वायसर काढून एरंडेलात रात्रभर बुडवावे आणि पुन्हा बसवावे. या कामासाठी वेगळी वाटी ठेवावी, कारण वायसरात औषध मुरलेले असते. जुने, टाकाऊ वायसर पोरे चाकाला म्हणून खेळायला घेतात. ते त्यांच्या हाती लागू न देता विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर खोल पुरावे.